रशियन म्हणजे नेमके कोण?



आपल्या मराठीत ‘रशियन’ हा एकच शब्द आहे. हिब्रूतही ‘रूसी’ हा एकच. पण खुद्द रशियन भाषेत त्यासाठी दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिला ‘रुस्की’. जो जन्माने, बोलीने आणि चालीरीतींनी रशियन, तो रुस्की. दुसरा ‘रोसियानिन’. रशिया या देशाचा जो नागरिक तो रोसियानिन, मग तो घरी तातार बोलत असो, चेचेन बोलत असो की याकूत. आपल्या इथल्या तेउदात झेहूतवर पूर्वी ‘लेओम’ असा एक रकाना असे, आणि ‘एझराहूत’ म्हणजे नागरिकत्व ही त्याहून वेगळी गोष्ट असे, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. रुस्की हा लेओम झाला आणि रोसियानिन ही एझराहूत झाली. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा इतिहास समजायला सोपा जाईल.

हा विषय आज घेण्याचे कारण आपल्या जिन्यातच आहे. १९८९ नंतर जुन्या सोव्हिएत युनियनमधून सुमारे दहा लाख लोक आपल्या देशात आले. अश्दोद, बेएर-शेवा, दिमोना, लोद, जिथे जिथे आपले लोक राहतात तिथे बहुधा तेही राहतात. आपण त्यांना सरसकट ‘रूसीम’ म्हणतो. पण गंमत अशी की त्यांच्यापैकी बहुतेकांच्या तिकडच्या कागदपत्रांवर ‘रुस्की’ हा शब्द कधीच नव्हता. तिथे ‘येव्रेय’ म्हणजे यहुदी असे लिहिलेले असे. शिवाय कितीतरी जण रशियातून आलेलेच नाहीत. कोणी ओडेसाचे, कोणी खार्कोवचे, कोणी मिन्स्कचे, तर कोणी ताश्कंदचे. जो माणूस तिकडे कधी रशियन नव्हता तो इकडे उतरताच रशियन कसा झाला? याचे उत्तर शोधायचे तर हजार-अकराशे वर्षे मागे जावे लागते.

नाव परक्यांचे, धर्म ग्रीकांचा

आजच्या रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तिन्ही देशांतील लोकांचे पूर्वज म्हणजे पूर्वेकडील स्लाव टोळ्या. घनदाट जंगले आणि मोठमोठ्या नद्या असा तो मुलूख. नवव्या शतकाच्या सुमारास उत्तरेकडून, आजच्या स्वीडनच्या बाजूने, लढवय्ये व्यापारी नावांतून या नद्यांनी खाली काळ्या समुद्राकडे येऊ लागले. ‘रूस’ हे नाव मुळात या परक्यांचे होते असे बहुतेक इतिहासकार मानतात. हळूहळू ते स्थानिक लोकांत मिसळले, त्यांची भाषा विरून गेली, नाव मात्र मागे राहिले. फ्रान्सचे नाव जसे फ्रँक नावाच्या जर्मन टोळीवरून पडले तसाच हा प्रकार. या राज्याची राजधानी द्नीपर नदीवरचे कीव्ह. मॉस्कोचे तेव्हा नावही नव्हते. जुन्या कागदांत मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७ सालचा आहे.

इ. स. ९८८ मध्ये कीव्हचा राजा व्लादिमीर याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या जुन्या बखरीत याची एक कथा आहे. राजाने निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले. मुसलमानांच्या धर्मात दारू वर्ज्य, ते त्याला पटले नाही. खझारांकडून यहुदी आले. तुमचा देश कोणता, असे राजाने त्यांना विचारले. येरूशलेम, पण देवाने आमच्या पापांसाठी आम्हांला देशोदेशी पांगवले, असे त्यांनी सांगितले. ज्यांना स्वतःचा देश राखता आला नाही त्यांचा धर्म मी कसा घेऊ, असे म्हणून राजाने त्यांना परत पाठवले. शेवटी त्याने ग्रीकांचा ऑर्थोडॉक्स पंथ पसंत केला. ही दंतकथाच आहे, पण तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. धर्म आणि राज्य ही एकाच नाण्याची दोन अंगे, असे तिथे अगदी पहिल्यापासून धरले गेले.

धर्माबरोबर लिपी आली. ती मुख्यतः ग्रीक अक्षरांवरून केलेली, पण ग्रीकांत ‘श’ हा उच्चार नाही. त्यासाठी जे अक्षर योजले ते पाहिले की आपला ‘शिन’ ओळखू येतो. तीन उभ्या रेघा, खाली जोडलेल्या. हे अक्षर हिब्रूवरून घेतले असे जाणकार मानतात.

खेड्यातल्या शेतकऱ्याला रशियन भाषेत ‘क्रेस्त्यानिन’ म्हणतात. हा शब्द ‘ख्रिस्ती’ या शब्दापासूनच निघाला. म्हणजे तू कोण, असे विचारले तर शेतकरी ‘मी रशियन’ असे म्हणत नसे, ‘मी ऑर्थोडॉक्स’ किंवा ‘मी अमक्या गावचा’ असे म्हणे. यात आपल्याला नवल वाटू नये. कोकणात आपल्याला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, म्हणजे धंदा कोणता आणि सुट्टी कोणत्या दिवशी यावरून माणूस ओळखत. जुन्या जगात ओळख अशीच असे. ‘राष्ट्र’ ही कल्पना फार पुढची.

एकाचे तीन कसे झाले

१२३७ ते १२४० या काळात मंगोलांची स्वारी आली. कीव्ह उद्ध्वस्त झाले आणि रूसचे दोन भाग पडले. पश्चिम व दक्षिणेकडचा मुलूख पुढे लिथुआनिया आणि पोलंड यांच्या राज्यांत गेला. ईशान्येकडचा मुलूख मंगोल खानाला खंडणी देत राहिला. दोन्हीकडची माणसे निरनिराळ्या राजांखाली, निरनिराळ्या कायद्यांखाली शतकानुशतके राहिली. बोली वेगळ्या होत गेल्या. त्यातूनच पुढे रशियन, युक्रेनी आणि बेलारूसी अशा तीन भाषा आणि तीन समाज झाले. आज जे युद्ध आपण दूरदर्शनवर पाहतो त्याचे मूळ इतके खोल आहे. कीव्हचा वारसा कोणाचा, हाच वाद.

ईशान्येकडे मॉस्कोचे राजे हुशार निघाले. खानासाठी खंडणी गोळा करण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आणि त्यात स्वतः गबर झाले. १४८० मध्ये तिसऱ्या इव्हानने खानाचे जू झुगारले. त्याआधी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले होते. ऑर्थोडॉक्स पंथाचा एकमेव स्वतंत्र मोठा राजा आता मॉस्कोचा. तेव्हा पस्कोव्हच्या एका साधूने असा विचार मांडला की पहिले रोम पडले, दुसरे रोम म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडले, आता मॉस्को हेच तिसरे रोम. आपण केवळ एक राज्य नाही, आपल्यावर जगाची धार्मिक जबाबदारी आहे, ही भावना रशियन मनात तेव्हापासून आहे. वेष बदलून ती पुन्हा पुन्हा वर येते.

चौलला उतरलेला रशियन

याच काळात एक रशियन माणूस थेट आपल्या कोकणात येऊन गेला. अफनासी निकितीन हा त्वेर गावचा व्यापारी. १४७० च्या सुमारास तो इराणमार्गे समुद्रातून चौलला उतरला. आपल्या चेऊलकर मंडळींचे गाव तेच. रेवदंड्याला आता त्याचे स्मारकही आहे. चौलहून तो जुन्नरला गेला आणि पुढे बहामनी सुलतानाच्या बिदरला. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि मुसलमान हो, नाहीतर दंड भर, असा पेच टाकला. एका खोरासानी मुसलमान व्यापाऱ्याने मध्ये पडून त्याला सोडवले. तीन-चार वर्षांनी दाभोळ बंदरातून तो परत निघाला, पण घरी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या वह्या मात्र राहिल्या.

त्या वह्यांतल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. वाटेत लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तके नेली होती. त्यामुळे आपले सण कधी येतात तेच त्याला कळेना. मग तो अंदाजाने उपास करी, मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपलेही उपास धरी आणि मनात झुरत राही. ज्यांचे पूर्वज पोथ्या हरवलेल्या अवस्थेत शेमा आणि शब्बाथ धरून राहिले, त्या आपल्याला त्याचे दुःख वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट अशी, की त्याने आपल्या वहीत देशासाठी देवाजवळ मागणे मागितले आहे. त्यात तो रूसच्या भूमीसारखी भूमी जगात नाही म्हणतो आणि लगेच तिथले सरदार न्यायी नाहीत अशी तक्रारही करतो. त्याचे त्वेर तेव्हा मॉस्कोच्या ताब्यात नव्हते, ते १४८५ मध्ये गेले. म्हणजे एक राज्य होण्याआधीच ‘रूसची भूमी’ ही माया त्याच्या मनात होती. आणि भूमीवर प्रेम व सरदारांवर राग ही जोडगोळी रशियन माणसात पुढेही कायम दिसते.

राज्य पुढे धावले

१५५२ मध्ये चौथ्या इव्हानने काझान जिंकले. तातार मुसलमान मोठ्या संख्येने प्रथमच झारचे प्रजाजन झाले. तिथून पूर्वेकडे सैबेरियातून सरकत १६३९ मध्ये रशियन लोक पॅसिफिक महासागराला जाऊन भिडले. अवघ्या ८७ वर्षांत! इंग्रजांनी आपले साम्राज्य समुद्रापलीकडे वसवले, त्यामुळे इंग्लंड कुठे संपते आणि साम्राज्य कुठे सुरू होते हे नकाशावर दिसते. रशियन साम्राज्य मात्र घराला लागून घर असे वाढत गेले. आपला देश कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, ही रेघ कधी ओढलीच गेली नाही.

१७०३ मध्ये पीटरने सेंट पीटर्सबर्गची पायाभरणी केली आणि १७२१ मध्ये स्वतःला सम्राट म्हणवले. राज्याचे ‘रोसिया’ हे नाव रूढ झाले ते याच सुमारास. लोकांचे नाव ‘रूस’वरून आणि साम्राज्याचे ‘रोसिया’, अशी वर सांगितलेली दोन शब्दांची जोडी इथे पक्की झाली. पीटरने सरदारांच्या दाढ्या उतरवल्या, दाढी ठेवणाऱ्यांवर कर बसवला आणि युरोपी पोशाख सक्तीचा केला. पुढच्या शंभर वर्षांत वरचा वर्ग फ्रेंच बोलू लागला आणि खालचा वर्ग गुलामीत रुतला. १६४९ च्या कायद्याने शेतकरी जमिनीला बांधला गेला होता. मालक त्याला विकू शकत असे.

१८१२ मध्ये नेपोलियन चालून आला तेव्हा ही फट उघडी पडली. डेनिस दाविदोव्ह नावाचा एक रशियन अधिकारी गनिमी काव्याने लढत होता. त्याने नोंदवले आहे की खेड्यातले लोक आपल्यालाच शत्रू समजून मारायला येत. शेवटी त्याने दाढी वाढवली आणि शेतकऱ्यांचा अंगरखा घातला. टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी याच काळाची, आणि ती सुरू होते फ्रेंच संभाषणाने.

या युद्धानंतर शिकलेल्या रशियनांना प्रश्न पडला, आपण कोण? १८३३ मध्ये मंत्री उवारोव्हने सरकारी उत्तर दिले: ऑर्थोडॉक्स धर्म, झारची एकसत्ता आणि लोकधर्म. १८३६ मध्ये चादायेव्ह या विचारवंताने छापून लिहिले की रशियाने जगाला अजून काही दिलेलेच नाही. झारने त्याला वेडा ठरवून घरात नजरकैदेत ठेवले. मग दोन तट पडले. एक म्हणे युरोपच्या मागे चला, दुसरा म्हणे आपल्या खेड्यात आणि चर्चमध्ये खरे रशियनपण आहे. हा वाद आजही मिटलेला नाही. १८६१ मध्ये दोन कोटींहून अधिक भूदास मुक्त झाले, पण ज्यांच्या नावाने वाद चालला होता त्या शेतकऱ्यांना कोणी काही विचारले नाही.

भाषेने दिलेले उत्तर

राज्याने जे दिले नाही ते भाषेने दिले. पुश्किन हा रशियनांचा सर्वांत लाडका कवी, आणि त्याचा पणजोबा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मुलगा होता. रशियन बोलीचा सर्वांत मोठा शब्दकोश रचणारा व्लादिमीर दाल हा एका डेन्मार्कच्या डॉक्टराचा मुलगा. रशियन निसर्गाची, व्होल्गा नदीची, बर्चच्या झाडांची चित्रे पाहून रशियन माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, ती चित्रे काढणारा इसाक लेवितान हा यहुदी. १८९२ मध्ये मॉस्कोतून यहुद्यांना हाकलले तेव्हा त्यालाही शहर सोडावे लागले आणि मित्रांच्या खटपटीने परत येता आले.

या तिघांकडे पाहिले की कळते, रशियनपणाचे दार भाषा आणि कला यांच्या बाजूने उघडे होते. सरकारी कचेरीच्या बाजूने मात्र ते मालकाच्या मर्जीने उघडे आणि बंद होई.

यहुद्यांना ते बंद होते. पोलंडच्या १७७२, १७९३ आणि १७९५ च्या फाळण्यांमुळे लाखो यहुदी झारचे प्रजाजन झाले. त्यांनी पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्यातच राहावे असा नियम १७९१ पासून सुरू झाला, तो १९१७ पर्यंत टिकला. १८९७ च्या जनगणनेत साम्राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटी भरली आणि त्यांत यहुदी सुमारे बावन्न लाख होते. त्या जनगणनेत राष्ट्रीयत्व विचारलेच नव्हते, धर्म आणि मातृभाषा विचारली होती. युक्रेनी आणि बेलारूसी लोकांना सरकारने ‘रशियन’मध्येच धरले, कारण ते वेगळे नाहीत असे सरकारचे मत. १८७६ मध्ये तर युक्रेनी भाषेत पुस्तके छापण्यावर बंदी घातली होती. नीट पाहा: युक्रेनी माणूस ‘मी वेगळा’ म्हणे, तर सरकार म्हणे ‘तू आमचाच’. यहुदी ‘मी इथलाच’ म्हणे, तर सरकार म्हणे ‘तू आमचा नाहीस’. दोघांनाही स्वतःबद्दल बोलण्याचा हक्क नव्हता.

१८८१ पासून यहुद्यांवर हल्ले सुरू झाले, १९०३ मध्ये किशिनेव्हची कत्तल झाली. लाखो लोक अमेरिकेला गेले, थोडे इकडे आले. बेन-गुरियोन, वाइझमन, गोल्डा मेईर, हे सगळे झारच्या साम्राज्यात जन्मले. यांच्यापैकी रुस्की कोणीच नव्हते.

पाचवा रकाना

१९१७ ची क्रांती झाली, १९२२ मध्ये सोव्हिएत युनियन स्थापन झाले. नव्या राजवटीने प्रत्येक मोठ्या समाजाला स्वतःचे प्रजासत्ताक दिले. शेवटी अशी पंधरा झाली. मग १९३२ मध्ये देशांतर्गत पासपोर्ट आले आणि त्यांत ‘नात्सिओनाल्नोस्त’ म्हणजे लेओमचा रकाना आला. नोकरीच्या अर्जात तो पाचव्या क्रमांकावर असे, म्हणून लोक त्याला ‘पाचवा रकाना’ म्हणू लागले. सोळाव्या वर्षी पासपोर्ट मिळे. आईवडील दोघेही यहुदी असले तर मुलगा ‘येव्रेय’, मग तो मॉस्कोत जन्मलेला असो, रशियनखेरीज एक शब्द दुसऱ्या भाषेचा न येणारा असो. मिश्र विवाहाच्या मुलाला दोहोंपैकी एक निवडता येई. तेव्हा बरेच जण ‘रुस्की’ लिहून घेत आणि त्याचे कारण सांगायला नको. चांगल्या विद्यापीठात प्रवेश, बढती, परदेशप्रवास, सगळीकडे हा रकाना आडवा येई. १९४९ च्या सुमारास यहुदी लेखक-कलावंतांना ‘मूळ नसलेले’ म्हणून झोडपले गेले आणि १९५३ च्या जानेवारीत यहुदी डॉक्टरांवर विषप्रयोगाचा खोटा आरोप झाला.

तरी याच देशासाठी सुमारे पाच लाख यहुदी लाल सैन्यात हिटलरशी लढले. त्या युद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसे मेली. दर वर्षी ९ मे रोजी आपल्या गावात छातीभर पदके लावून जे आजोबा निघतात (आता फारच थोडे उरले) ती पदके या युद्धातली. रशियन, युक्रेनी, यहुदी, तातार यांना खऱ्या अर्थाने एकत्र बांधणारी एकच आठवण असेल तर ती ही.

आणि रुस्कींचे काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटे की हे त्यांचेच राज्य. आपल्या पिढीने भारतात ‘रशियाने भिलाईचा कारखाना दिला’ असेच म्हटले, अण्णा भाऊ साठ्यांनी प्रवासवर्णनाला नाव दिले ते ‘माझा रशियाचा प्रवास’. सोव्हिएत युनियन आणि रशिया हे आपल्या तोंडी एकच होते. पण इतर प्रजासत्ताकांना स्वतःचा कम्युनिस्ट पक्ष आणि स्वतःची विज्ञान अकादमी असताना रशियन प्रजासत्ताकाला बहुतेक काळ यांतले काहीच वेगळे नव्हते. रुस्की माणसाला सांगितले गेले की सगळा देशच तुझा. ज्याला सगळेच आपले त्याला नेमके आपले काय, हे सांगता येत नाही.

एका रात्रीत परके

१९८९ च्या जनगणनेत रुस्की निम्म्याहून जेमतेम अधिक होते, अठ्ठावीस कोटी सदुसष्ट लाखांत साडेचौदा कोटी. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियन मोडले. सुमारे अडीच कोटी रुस्की माणसे घर न सोडता परदेशात गेली, कारण सरहद्दच त्यांच्या अंगावरून सरकली. त्याच महिन्यात युक्रेनच्या मतदारांपैकी शंभरात नव्वदांनी स्वातंत्र्याला कौल दिला.

उरलेल्या रशियात आजही शंभरात सुमारे ऐंशी रुस्की आहेत आणि बाकी शंभरावर लहानमोठे समाज. येल्त्सिन भाषणाच्या सुरुवातीला ‘रोसियाने’ अशी साद घालीत, म्हणजे रोसियानिनचे अनेकवचन. १९९३ च्या राज्यघटनेची सुरुवात ‘अनेक राष्ट्रीयत्वांचे लोक’ अशा अर्थाने होते. १९९७ पासून नव्या पासपोर्टात पाचवा रकाना उरला नाही. वाटले, आता नागरिकत्व हीच ओळख होईल. पण २०२० च्या घटनादुरुस्तीत रशियन ही ‘राज्य घडवणाऱ्या लोकांची’ भाषा असे शब्द आले. २०२१ च्या जुलैत पुतिन यांनी लेख लिहून रशियन व युक्रेनी हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले. २०१४ मध्ये क्रिमिया घेतला होताच. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर सैन्य गेले. तोफा पडल्या त्या खार्कोव आणि मारियुपोल यांसारख्या, घरोघरी रशियन बोलणाऱ्या शहरांवर. झारच्या काळचेच वाक्य पुन्हा ऐकू आले: तू वेगळा नाहीस, तू आमचाच.

म्हणून या सगळ्या इतिहासाचे सार मला असे दिसते. रशियन लोकांचे राज्य त्यांच्या राष्ट्रीयत्वाच्या आधी वाढले. कोण आपला आणि कोण परका हे ठरवण्याचे काम लोकांच्या हातून राज्याने काढून घेतले आणि दर पिढीला सोयीप्रमाणे उत्तर बदलले. त्याची किंमत यहुद्यांनी मोजली, युक्रेनी आज मोजत आहेत आणि रुस्की माणसानेही मोजली. त्याला मोठे राज्य मिळाले, पण त्यात आपले घर कुठे ते कळले नाही. रशियन माणूस वाईट आणि दुसरा चांगला असा याचा अर्थ नाही. ज्या भाषेत पुश्किन आणि टॉलस्टॉय लिहितात ती भाषा बोलणाऱ्यांबद्दल असे म्हणणे अडाणीपणाचे होईल.

आता आपल्या शेजाऱ्यांकडे वळू. १९७० साली परतीच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने यहुदी माणसाच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही इथे येण्याचा हक्क दिला. हलाखा मात्र आईवरून पाहते. त्यामुळे वडिलांचे आडनाव यहुदी, त्या आडनावापायी तिकडे आयुष्यभर ‘यहुदी, यहुदी’ म्हणून टोमणे खाल्लेले, असा माणूस इकडे आल्यावर लग्नाच्या वेळी ‘तू यहुदी नाहीस’ असे ऐकतो. तिकडे यहुदी, इकडे रूसी. त्याला स्वतःला काय वाटते हे दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

आपल्या समाजाने हे भोगलेले आहे. साठीच्या दशकात आपल्या मुलामुलींच्या लग्नांच्या वेळी आजीपणजीपर्यंतच्या चौकशा झाल्या. आपल्या लोकांनी येरूशलेममध्ये ठाण मांडले, आणि १९६४ साली क्नेसेटला जाहीर करावे लागले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. भारतात आपण यहुदी होतो, इथे आलो आणि ‘होदीम’ झालो. तेव्हा ‘हे रूसीम कसले यहुदी?’ हे वाक्य निदान आपल्या तोंडी तरी शोभत नाही. हलाखाचा निर्णय धर्मपंडितांनी करावा. शेजाऱ्याशी कसे बोलावे हा निर्णय आपला आहे.

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘तुमचे गाव कोणते?’ हा असतो. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, आपली आडनावेच त्या प्रश्नाची उत्तरे आहेत. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना ‘तुम्ही रशियन ना?’ असे विचारू नका. हाच आपला प्रश्न विचारा, हिब्रूत, हळू, दोनदा सांगावे लागले तरी चालेल. त्या ओडेसाचे किंवा मिन्स्कचे नाव घेतील, आणि मग त्या जे सांगतील ते ऐकायला चहा टाका.